पाण्याचे पहारेकरी

अमेरिकेतील ओरेगन राज्यात, नेटार्ट्स उपसागराच्या काठी, शिंपल्यात राहणाऱ्या कालवांची पिले वाढविण्याचे केंद्र आहे. २००७ साली तेथील असंख्य पिले मरू लागली. रोगजंतूंचा बंदोबस्त केला, तरी मृत्यू थांबेनात. डोळ्यांना तर पाणी पूर्वीइतकेच निर्मळ दिसे! अखेर पाण्यात संवेदक बसविले, तेव्हा उलगडा झाला. उत्तरेचा वारा सुटला, की खोल समुद्रातील कार्बन डायऑक्साइडयुक्त पाणी वर येई आणि आम्लता वाढे. जन्मानंतर दोन दिवसांतच ज्यांना कवच घडवावे लागते, त्या कोवळ्या जीवांना ते घडविताच येत नसे. मग संवेदकांवरील आकडे पाहून आम्लता वाढलेल्या पाण्यात धुण्याचा सोडा मिसळू लागले. जलवनस्पतींनी तो वायू शोषून घेतल्यावर, दुपारी पाणी भरणे हिताचे, हेही या यंत्रांनीच शिकविले.