आकाशातले देशांतर

भारतीय ज्योतिर्गणिताने शून्य रेखांश मानलेली उत्तर-दक्षिण रेषा उज्जैनवरून जाते. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू या स्थानांतून जाणाऱ्या या कल्पित रेषेपासून एखादे गाव पूर्वेला वा पश्चिमेला किती दूर आहे, त्या अंतराला सिद्धान्तग्रंथांनी देशांतर असे नाव दिले आणि त्यानुसार ग्रहगणितात करायच्या दुरुस्तीला देशांतर-संस्कार म्हटले. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षिप्रेकाठी वेधशाळा बांधली ती याच परंपरेमुळे. पुढे तिची पडझड झाली, तेव्हा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार करविला आणि तिची व्यवस्था गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाकडे आली. उज्जैनच्या राम घाटावर स्नानाला येणाऱ्या यात्रेकरूंपैकी फार थोडे त्या वेधशाळेकडे वळतात, ही गोष्ट निराळी. या शहराभोवतालच्या आकाशात आज देशांतराचाच एक नवा प्रकार मोजता येतो. विमानाला ज्या रेषेने जाता आले असते ती रेषा आणि ते प्रत्यक्षात ज्या रेषेने गेले ती रेषा, यांच्यातला फरक म्हणजे हे नवे देशांतर, आणि एखाद्या देशाच्या हवाई वाहतूक व्यवस्थापनाची पर्यावरणीय कामगिरी बऱ्याच अंशी याच फरकावर ठरते.

हवाई वाहतूक व्यवस्थापन या संज्ञेत केवळ विमानतळाच्या मनोऱ्यात बसलेला नियंत्रक येत नाही. आकाशातल्या वाटा आखणे, दोन विमानांमध्ये सुरक्षित अंतर राखणे, कोणत्या विमानाने कधी निघावे आणि कधी थांबावे हे ठरवणे, आणि लष्कर व नागरी विमाने यांच्यात आकाश वाटून देणे ही सगळी कामे तिच्यात मोडतात. भारतात ती १ एप्रिल १९९५ रोजी स्थापन झालेल्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहेत. देशाचे हवाई क्षेत्र भूभागापुरते मर्यादित नसून अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि हिंदी महासागर यांवरही ते दूरवर पसरले आहे. त्याचे मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई असे चार मुख्य विभाग असून त्यांना उड्डाण माहिती क्षेत्रे म्हणतात. उज्जैन आणि इंदूर मुंबईच्या क्षेत्रात येतात, ग्वाल्हेर दिल्लीच्या. माळव्याच्या आकाशातून उत्तरेकडे निघालेले विमान त्यामुळे वाटेत एका हातातून दुसऱ्या हातात सोपवले जाते.

या व्यवस्थापनाचा पर्यावरणाशी संबंध इंधनाच्या हिशेबातून जुळतो. विमानाचे एक किलो इंधन जळाले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि हे प्रमाण रसायनशास्त्राने ठरवून दिलेले असल्यामुळे त्यात कोणत्याही विमान कंपनीला घासाघीस करता येत नाही. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात विमान वाहतुकीचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. तो कमी करण्याचे मोठे मार्ग, म्हणजे नवी इंजिने आणि वनस्पतिजन्य किंवा कृत्रिम इंधने, महागडे आणि वेळखाऊ आहेत. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाने १९९९ मधील विशेष अहवालात असा अंदाज मांडला होता की हवाई वाहतूक व्यवस्थापन सुधारले तर इंधनाचा खप ६ ते १२ टक्क्यांनी घटू शकतो. ही बचत विमान न बदलता, इंधन न बदलता, केवळ वाट आणि वेळ नीट ठरवून होणारी आहे, म्हणून ती सगळ्यांत स्वस्त ठरते. ती पूर्णांशाने पदरात पडलेली नाही, कारण वाट आणि वेळ यांवर हक्क सांगणारे अनेक असतात.

पुण्याहून दिल्लीला नकाशावर सरळ रेषा ओढली तर ती राम घाटाच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवरून जाते आणि तिची लांबी साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास भरते. पृथ्वीच्या गोलावरील दोन बिंदूंमधल्या अशा सर्वांत जवळच्या मार्गाला बृहद्‌वृत्त मार्ग म्हणतात. युरोपात प्रत्येक देशासाठी विमानांनी प्रत्यक्ष कापलेले अंतर या मार्गापेक्षा किती टक्के जास्त आहे ते नियमितपणे मोजले आणि जाहीर केले जाते. तेथे हा आकडा तीन टक्क्यांच्या आसपास राहत आला आहे. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, परंतु पुणे-दिल्ली अंतरावर ते जवळपास ३५ किलोमीटर होतात. मध्यम आकाराचे जेट विमान उंचावर समतल उडताना किलोमीटरला साधारण तीन किलो इंधन जाळते असे धरले, तर एका फेरीत शंभर किलोंहून अधिक इंधन आणि तीनशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड एवढा या वळणाचा हिशेब निघतो.

अर्थात अंतराचा हा मापदंड निर्दोष नाही. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उंचावरचा वेगवान वारा, म्हणजे जेट प्रवाह, टाळण्यासाठी वैमानिकाने थोडा लांबचा मार्ग घेतला तर अंतर वाढूनही इंधन वाचू शकते, आणि अंतराचे कोष्टक मात्र त्याला दोषी ठरवते. शिवाय उंचीचा विचार त्यात नसतो. खालच्या दाट हवेत रखडलेले विमान सरळ रेषेत उडत असले तरी जास्त इंधन खाते. ब्रिटनने २०१२ पासून वापरात आणलेल्या निर्देशांकात आडवे विचलन आणि उभे विचलन दोन्ही एकत्र धरले जातात, ते याच कारणाने.

उंचीच्या बाबतीत भारताने एक महत्त्वाचे पाऊल फार पूर्वीच टाकले. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात एकावर एक उडणाऱ्या विमानांमध्ये पूर्वी २,००० फुटांचे अंतर ठेवावे लागे, ते नोव्हेंबर २००३ मध्ये १,००० फुटांवर आणले गेले. त्यामुळे त्याच पट्ट्यात जवळपास दुप्पट मजले उपलब्ध झाले आणि आपल्या वजनाला सोयीची उंची मिळण्याची शक्यता वाढली. समुद्रावरील वाटांसाठी भारत, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या हवाई सेवांनी २०११ मध्ये हिंदी महासागरातील उत्सर्जन घटवण्यासाठी भागीदारी केली. आखीव मार्गाऐवजी त्या दिवशीचा वारा पाहून विमान कंपनीने स्वतः निवडलेल्या मार्गाला परवानगी देणे हा तिचा गाभा आहे.

जमिनीवरच्या आकाशात मात्र असे मोकळे रान नाही, कारण तेथे लष्कराची गरज आड येते. पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे आणि नागरी विमाने तेथे पाहुण्यासारखी वावरतात. नागपूर-दिल्ली सरळ रेषा ग्वाल्हेरच्या महाराजपूर तळापासून पन्नासेक किलोमीटरवरून जाते. अशा तळांभोवतीचे आकाश लढाऊ विमानांच्या सरावासाठी राखून ठेवलेले असते, आणि सराव दिवसातले काही तास चालत असला तरी राखीवपणा मात्र चोवीस तासांचा, अशी दीर्घकाळची रीत होती. मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी जाहीर केले की देशाचे केवळ ६० टक्के हवाई क्षेत्र मुक्तपणे वापरता येते आणि निर्बंध सैल केल्यास विमान वाहतूक क्षेत्राला वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांचा लाभ होईल. त्याच वर्षी हवाई क्षेत्राच्या लवचीक वापराची योजना पुढे सरकली आणि सशर्त मार्ग खुले होऊ लागले. सशर्त मार्ग म्हणजे लष्कराला त्या वेळी नको असलेल्या पट्ट्यातून जाणारी, ठरावीक वेळांपुरती उघडणारी जवळची वाट. वाड्याच्या मधल्या चौकातून जायला मालकाने दुपारपुरती मुभा द्यावी, त्यातलाच हा प्रकार.

राजकारणाने वाट बंद केली तर नियंत्रकाचे कौशल्य तोकडे पडते, हेही येथेच नोंदवणे इष्ट. पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात आपले आकाश बंद ठेवले, तेव्हा लांबच्या वळणांमुळे भारतीय कंपन्यांना झालेला तोटा सुमारे ५४९ कोटी रुपये असल्याचे सरकारने संसदेत सांगितले, आणि त्यातले ४९१ कोटी एकट्या एअर इंडियाचे होते. एप्रिल २०२५ पासून तोच प्रसंग पुन्हा ओढवला. या पैशांचा मोठा भाग धुराच्या रूपाने वातावरणात जातो, परंतु कोणत्याही देशाच्या पर्यावरणीय ताळेबंदात या धुराला स्वतंत्र रकाना नसतो.

प्रवासाच्या मधल्या टप्प्यापेक्षा त्याच्या शेवटच्या टप्प्यात अधिक अपव्यय होतो, आणि याचे भारतातील ठळक उदाहरण मुंबई आहे. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. धावपट्टी मोकळी होईपर्यंत येणाऱ्या विमानांना ठरलेल्या उंचीवर लंबगोल घिरट्या घालाव्या लागतात, ज्याला वैमानिकांच्या भाषेत होल्डिंग म्हणतात. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेल्या निवेदनानुसार मुंबईवर या घिरट्या ४० ते ६० मिनिटे चालत. विमान तासाला सरासरी २,००० किलो इंधन जाळते असे धरून प्रत्येक विमानामागे १.७ ते २.५ किलोलिटर इंधन वाया जात असल्याचा हिशेब मंत्रालयाने मांडला. वरच्या प्रमाणाने पाहिले तर एका तासाच्या घिरट्यांत एक विमान सहा टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडते. पुणे-दिल्ली मार्गावरील वळणाने होणाऱ्या उत्सर्जनाच्या हे जवळपास वीस पट आहे, आणि हा एकच आकडा कुठे लक्ष द्यायचे ते सांगायला पुरेसा आहे. मंत्रालयाने केलेला उपायही बोलका होता. गर्दीच्या तासांतील विमानांची संख्या ताशी ४६ वरून ४४ आणि इतर वेळी ४४ वरून ४२ करण्यात आली. तासाला दोन विमाने कमी करण्याने आकाशातली रांग हलकी होते, कारण काठोकाठ भरलेल्या वेळापत्रकात एका विमानाचा पाच मिनिटांचा उशीर मागच्या सगळ्यांच्या वाट्याला येतो. तंत्रज्ञानावर कोट्यवधी खर्च करण्याआधी वेळापत्रकात थोडी हवा ठेवणे हा पर्यावरणाचा उपाय असू शकतो, हे विमान कंपन्यांना सहसा रुचत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे हा ताण वाटून घेता येईल, पण दोन्ही विमानतळ एकमेकांच्या इतके जवळ आहेत की त्यांचे येण्याजाण्याचे मार्ग एकत्र विचार करूनच आखावे लागतात.

उतरण्याची पद्धतही इंधनावर परिणाम करते. राम घाटाच्या पायऱ्यांप्रमाणे थोडे उतरायचे, मग समतल चालायचे, पुन्हा थोडे उतरायचे, अशा रीतीने विमान खाली आणले तर प्रत्येक समतल टप्प्यावर इंजिनाचा जोर वाढवावा लागतो आणि खालच्या वस्तीला आवाजही सोसावा लागतो. याउलट इंजिनांचा जोर अगदी कमी ठेवून, वरपासून खालपर्यंत एकाच उताराने घसरत येणे याला अखंड अवरोहण म्हणतात, आणि त्यात इंधन व गोंगाट दोन्ही वाचतात. घाटकोपर, कुर्ल्यासारख्या विमानमार्गाखालच्या वस्त्यांना यातला दुसरा लाभ पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटला तर नवल नाही. गर्दीच्या विमानतळावर मात्र नियंत्रकाला विमानांची क्रमवारी लावण्यासाठी पायऱ्यांचा आधार घ्यावाच लागतो. म्हणून वाट पाहणे आकाशातून जमिनीवर आणणे, म्हणजे गंतव्य विमानतळ तुंबला असेल तर विमानाला निघण्याच्या ठिकाणीच इंजिने बंद ठेवून थांबवणे, हे काम दिल्लीतील मध्यवर्ती वाहतूक प्रवाह नियंत्रण केंद्राकडे सोपवले आहे. प्रवाशांना निघतानाच झालेला उशीर खटकतो, परंतु तोच उशीर वर घिरट्या घालत काढण्यापेक्षा तो कितीतरी स्वच्छ असतो.

देशाचे चार विभाग जोडून एकच अखंड आकाश करण्याचा आणि त्याचे नियंत्रण नागपुरात आणण्याचा ‘ईशान’ नावाचा प्रकल्प प्राधिकरणाने हाती घेतला असून त्याच्या सविस्तर आराखड्याची प्रक्रिया २०२४ मध्ये सुरू झाली. विभागांच्या सीमेवर विमान सोपवताना येणाऱ्या अडचणी त्यातून कमी होऊ शकतात. तथापि या सर्व उपक्रमांची फलश्रुती भारतात बहुधा वाचलेल्या टनांच्या आणि रुपयांच्या स्वरूपात जाहीर होते. तुलनेचा पाया कोणता धरला, वाहतूक वाढल्यावर दर उड्डाणामागचे चित्र काय, हे त्या आकड्यांतून कळत नाही. आदर्श रेषेपासूनचे विचलन, घिरट्यांची मिनिटे आणि अखंड उतरणाऱ्या विमानांचे प्रमाण दरवर्षी विमानतळवार प्रसिद्ध करण्याची प्रथा येथे रुजलेली नाही, आणि ज्या देशात रेखांशाच्या फरकासाठी पंचांगात दुरुस्ती करण्याची रीत शतकांपासून आहे तेथे ही उणीव जरा विसंगतच दिसते.

उज्जैनपुरता विचार केला तर ही चर्चा २०२८ च्या सिंहस्थाशी येऊन भिडते. त्या वेळी राम घाटावर स्नानासाठी येणाऱ्यांपैकी विमानाने येणारा वर्ग प्रामुख्याने साधारण ५५ किलोमीटरवरील इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर उतरेल. तेथे एकच धावपट्टी आहे, आणि पर्वणीच्या तिथी ठरलेल्या असल्यामुळे विमाने एकाच वेळी गर्दी करणार हेही आधीच ठाऊक आहे. मुंबईतील गर्दी रोजची असते आणि तिच्यावर वेळापत्रकातून तोडगा काढता येतो, तर पर्वणीची गर्दी मोजक्या दिवसांची असते आणि तिच्यात खासगी विमाने व हेलिकॉप्टर यांची भर पडते, जी नियमित वेळापत्रकात नसतातच. देवास मार्गावरील दताना येथे उज्जैनची स्वतःची हवाईपट्टी आहे आणि तिचा विकास करण्याच्या हालचाली सुरू आहेत. अशा छोट्या ठिकाणी धावपट्टीशेजारी महागडी अवतरण यंत्रणा बसवण्याऐवजी, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून उभारलेल्या ‘गगन’ या उपग्रहाधारित प्रणालीचा आधार घेता येतो. राजस्थानातील किशनगढ येथे एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचे एटीआर विमान तिच्या साहाय्याने उतरवण्यात आले होते. धुरकट हवेत धावपट्टी न दिसल्याने विमान परत वर न्यावे लागणे किंवा दुसऱ्या शहराकडे वळवावे लागणे यांत घिरट्यांहूनही अधिक इंधन जाऊ शकते. दतानासाठी उपग्रहाधारित अवरोहणाची वाट आखायची असेल, तर डावीउजवीकडचे विचलन पुन्हा उज्जैनच्या त्या जुन्या शून्य रेखांशाच्या जवळपासच मोजले जाईल.