'ॲक्सेस डिनाइड': आपल्याच कॉम्प्युटरवर फोल्डर का उघडत नाही?

जुना लॅपटॉप बंद पडला. त्यातली हार्ड डिस्क काढून नव्या लॅपटॉपला यूएसबीने जोडली. 'यूजर्स' फोल्डरमध्ये आपल्या नावाचं फोल्डर दिसतंही, पण डबल क्लिक केलं की विंडोज सांगतं: हे उघडण्याची तुम्हाला परवानगी नाही. आत मुलांचे दहा वर्षांचे फोटो आहेत. डिस्क आपली, कॉम्प्युटर आपला, मग परवानगी कोणाकडे मागायची?

या प्रश्नाचं उत्तर फोल्डरगणिक बदलतं. काही ठिकाणी 'मालकी घेणं' हाच योग्य उपाय असतो, तर काही ठिकाणी तोच उपाय चालतं विंडोज बिघडवतो. म्हणून आधी फरक समजून घेऊ.

विंडोज परवानगी कशी तपासतं?

विंडोजची डिस्क बहुतेक वेळा 'एनटीएफएस' पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. या पद्धतीत प्रत्येक फाइल आणि फोल्डरसोबत दोन गोष्टी नोंदवलेल्या असतात: मालक कोण आणि कोणाला काय करण्याची मुभा आहे, याची यादी. सोसायटीच्या वॉचमनकडे असते तशीच ही यादी. नाव असेल तर आत, नसेल तर बाहेर.

मात्र या यादीत तुमचं नाव नसतं, तुमच्या खात्याचा एक लांबलचक ओळख क्रमांक असतो. नव्या लॅपटॉपवर त्याच नावाचं खातं उघडलं तरी हा क्रमांक वेगळा असतो. त्यामुळे जुन्या डिस्कच्या दृष्टीने तुम्ही अनोळखी ठरता. पेन ड्राइव्हवर हा त्रास सहसा होत नाही, कारण त्यावरच्या 'फॅट३२' किंवा 'एक्सफॅट' पद्धतीत अशी यादीच नसते.

ॲडमिनिस्ट्रेटर असूनही अडवणूक का?

२००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये घरचे बहुतेक लोक पूर्ण अधिकाराच्या खात्यातूनच सगळी कामं करत. साहजिकच, चुकून उघडलेल्या व्हायरसलाही तेच अधिकार मिळत. जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी विक्रीला आलेल्या विंडोज व्हिस्टाने हे बदललं. तेव्हापासून ॲडमिनिस्ट्रेटरही रोजची कामं साध्या अधिकारानेच करतो आणि मोठा बदल करायचा असेल तेव्हा स्क्रीनवर संमती विचारली जाते.

दुसरा बदल याहून महत्त्वाचा होता. विंडोजच्या मूळ फाइल्सची मालकी 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' या अंतर्गत सेवेकडे गेली. विंडोजचे अपडेट बसवणं हे तिचं काम. ॲडमिनिस्ट्रेटरला या फाइल्स वाचता आणि चालवता येतात, पण बदलता येत नाहीत. म्हणजे ही अडवणूक तुमच्याविरुद्ध नसून तुमच्या नावाने चालणाऱ्या एखाद्या घातक प्रोग्रॅमविरुद्ध आहे.

फोल्डर स्वतःचंच असेल तर

जुन्या डिस्कवरचा तुमचा डेटा उघडायला हरकत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून फोल्डर उघडा आणि विंडोजने विचारल्यावर 'कंटिन्यू' दाबा. बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं. मात्र या बटणाने तुमचं खातं त्या यादीत कायमचं जोडलं जातं, हे लक्षात ठेवा.

तरीही उघडलं नाही, तर पुढच्या पायऱ्या अशा:

१. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'सिक्युरिटी', मग 'ॲडव्हान्स्ड' निवडा.
२. वर 'ओनर' दिसेल. त्याशेजारच्या 'चेंज'वर क्लिक करून आपल्या खात्याचं नाव टाका.
३. आतल्या सर्व फोल्डर्सचा मालक बदलण्याचा चौकोन टिक करा आणि 'ओके' करा.
४. तरीही अडलं, तर 'सिक्युरिटी'मध्ये परत जाऊन 'एडिट'मधून आपलं खातं जोडा आणि 'फुल कंट्रोल' द्या.

यादीत नाव नसलं तरी मालकाला ती यादी बदलता येते. म्हणून आधी मालकी, मग परवानगी असा क्रम आहे.

मात्र डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर मालकी बदलून काहीच होत नाही. तिथे ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती अनेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. तिथे आधी शोधा.

इथे मालकी घेऊ नका

*विंडोज आणि त्यातलं 'विनएसएक्सएस':* हे फोल्डर अनेक जीबींचं दिसतं म्हणून जागा करण्यासाठी लोक ते हाताने पुसायला जातात. प्रत्यक्षात त्यातल्या कित्येक फाइल्स इतर फोल्डर्समध्येही दिसतात, पण डिस्कवर एकदाच साठवलेल्या असतात. त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो. जागा हवी असेल तर 'डिस्क क्लीनअप'मधून जुन्या अपडेटच्या फाइल्स काढा.

*सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन:* यात रिस्टोअर पॉइंट असतात. ते कमी करायचे असतील तर 'सिस्टिम प्रोटेक्शन'च्या सेटिंगमधून करा.

*डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज:* सी ड्राइव्हवर लपलेलं हे फोल्डर खरं फोल्डरच नाही. व्हिस्टापासून त्याची जागा 'यूजर्स'ने घेतली. जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून तिकडे वळवणारी ही केवळ पाटी आहे. आत वेगळं काही नसल्यामुळे ते जबरदस्तीने उघडून काहीच हाती लागत नाही.

कधीकधी एखादीच फाइल बदलायची असते, उदाहरणार्थ 'होस्ट्स'. त्यासाठीही मालकी लागत नाही. नोटपॅडवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा आणि त्यातून फाइल उघडा.

चूक होऊन गेली असेल तर?

एकाच फोल्डरची मालकी बदलली असेल, तर मालकाच्या जागी इंग्रजीत 'एनटी सर्व्हिस', मग उलटा स्लॅश आणि त्यापुढे 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' हा सलग शब्द टाइप करून ती परत करता येते. पण अख्ख्या सी ड्राइव्हच्या परवानग्या बदलल्या असतील, तर एकेक फोल्डर दुरुस्त करत बसणं व्यर्थ आहे. आधी स्वतःच्या फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मग विंडोज नव्याने बसवा.

'ॲक्सेस डिनाइड' दिसलं की आधी एकच प्रश्न विचारा: आतला ऐवज माझा आहे की विंडोजचा? आपला असेल तर मालकी घ्या. विंडोजचा असेल तर त्याने दिलेल्या सेटिंगमधूनच काम करा.