संवेष्टन खर्चाचे पुनरावलोकन : कोकणातील आंबा व्यवसायाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

व्यवसायातील खर्चाचा विचार करताना कच्चा माल, मजुरी, वाहतूक व व्याज या बाबींकडे जेवढे लक्ष दिले जाते तेवढे संवेष्टनाकडे, म्हणजेच पॅकिंगकडे, दिले जात नाही. बहुतेक लहान व्यावसायिकांच्या हिशेबात ‘पॅकिंग खर्च’ असे एकच खाते असते आणि त्यात खोक्यांच्या खरेदीची रक्कम नोंदवली की काम संपते. वास्तविक खोक्यामुळे वाढणारे भाडे, वाटेत दबलेला माल व शेवटी उरणारा कचरा हेदेखील संवेष्टनाचेच खर्च होत. ते निरनिराळ्या खात्यांत विखुरलेले असल्यामुळे दिसत नाहीत, एवढेच. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व रायगड जिल्ह्यांतील हापूस आंब्याच्या व्यवसायाच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करण्यात आला आहे.

लाकडी पेटी ते पुठ्ठ्याचे खोके

हापूसची पारंपरिक पेटी लाकडी असून तीत फळाच्या आकारानुसार साधारणतः चार ते आठ डझन आंबे भाताच्या पेंढ्यात रचले जातात. पेटी मजबूत असते, परंतु तिच्या स्वतःच्या वजनाचेही भाडे भरावे लागते. शिवाय निर्यातीसाठी लाकडी वेष्टन वापरल्यास ‘आय.एस.पी.एम. १५’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यावर प्रक्रिया करावी लागते. उष्णता प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्याचे तापमान किमान ५६ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन ते ३० मिनिटे टिकवावे लागते. त्यामुळे, तसेच थेट ग्राहकाला एक-दोन डझन फळे पाठविण्याची पद्धत रूढ झाल्यामुळे, पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वापर वाढला.

हा बदल योग्यच होता. मात्र बदलताना पेंढ्याचे काम नेमके काय होते, याचा विचार अनेकांनी केला नाही. पेंढा ही केवळ गादी नव्हे. कच्चा आंबा आढीत घालतात तो पेंढ्यातच; म्हणजे पेटी वाटेत असताना फळ पिकविण्याचे कामही तोच करीत असे, आणि काम संपल्यावर त्याचे खत होत असे. त्याच्या जागी आलेली फोमची जाळी फळाला खरचटू देत नाही, परंतु ती विकत घ्यावी लागते व वापरानंतर कचऱ्यात जाते. ओलसर पेंढ्याला बुरशी येते, हा त्याचा दोषही मान्य केला पाहिजे. वेष्टनातील कोणताही घटक काढण्यापूर्वी वा बदलण्यापूर्वी तो किती कामे करतो हे पाहणे, ही पुनरावलोकनाची पहिली पायरी होय.

चुकीची बचत

खर्चकपात म्हटली की खोके पातळ करणे हा उपाय सर्वप्रथम सुचतो. उदाहरणादाखल असे गृहीत धरू की, एक डझनाचे खोके ६० रुपयांना पडते व हलक्या कागदाचे ५४ रुपयांना मिळते. आंब्याचा दर डझनास ६०० रुपये, म्हणजे एक फळ ५० रुपयांचे. आठ खोक्यांमागे ४८ रुपये वाचतात. परंतु त्या आठ खोक्यांत मिळून एकच फळ जास्त दबले तरी ही सारी बचत नाहीशी होते. फळ वाया गेले की त्यामागचे खत, फवारणी, तोडणी व भाडेही वाया जाते. म्हणून कमी पुठ्ठा म्हणजे कमी कचरा, हे समीकरण प्रत्येक वेळी खरे ठरत नाही.

येथे पुठ्ठ्याचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. खोक्यावर येणाऱ्या भाराचा मोठा भाग त्याचे चार कोपरे पेलतात. त्यामुळे थप्पी लावताना कोपऱ्यावर कोपरा न आल्यास उत्तम प्रतीचे खोकेही बसते. हवेसाठी पाडलेली भोके कोपऱ्यांजवळ असल्यास तोच परिणाम होतो. दुसरी बाब दमटपणाची. कागद हवेतील ओल शोषतो आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास गेल्यास खोक्याची भार सोसण्याची क्षमता निम्म्यावर येऊ शकते. कोरड्या हवेत टिकणारे खोके मे महिन्यातील किनारपट्टीवर टिकेलच असे नाही. अशा स्थितीत जाड खोके घेण्याआधी हमालांना थप्पीची पद्धत समजावून देणे आणि खोकी जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवणे हे उपाय करून पाहावेत. त्यांस जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

रिकाम्या जागेचे भाडे

खरी बचत बहुधा जाडीत नसून आकारात असते. अनेक कुरिअर सेवा, विशेषतः हवाई मार्गाने, प्रत्यक्ष वजन व आकारमानाधारित वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर भाडे आकारतात. आकारमानाधारित वजन काढताना घनसेंटिमीटरला ५००० ने भागण्याची रीत प्रचलित आहे. ४० × ३० × २० सें.मी. खोक्याचे असे वजन ४.८ किलो भरते. पाव किलोच्या बारा आंब्यांचे वजन ३ किलो, खोक्यासह सुमारे साडेतीन. म्हणजे सव्वा किलोहून अधिक भाडे निव्वळ हवेचे होय. तेच बारा आंबे एका थरात बसत असल्यास व उंची १२ सें.मी. केल्यास हा आकडा २.८८ वर येतो आणि भाडे प्रत्यक्ष वजनाचेच पडते. शिवाय चार बाजूंचा मिळून ११२० चौ.सें.मी. पुठ्ठा वाचतो, फळे हलत नाहीत आणि पोकळी भरण्यासाठी कागदाचे बोळेही लागत नाहीत.

प्रत्यक्ष पुनरावलोकन

यासाठी महागडा सल्लागार लागत नाही. वजनकाटा, मोजपट्टी व वही पुरते. एक भरलेले खोके उघडून प्रत्येक घटकाचे वजन व किंमत लिहावी. अडत्याकडून आलेल्या पट्ट्यांमधील खराब मालाची कपात मागील हंगामापासून एकत्र करावी. हा आकडा बहुतेकांनी कधी बेरीज करून पाहिलेलाच नसतो. त्यानंतर एका वेळी एकच बदल करून थोड्या खोक्यांवर, नेहमीच्याच गाडीतून, चाचणी घ्यावी. दोन बदल एकदम केल्यास लाभ कशामुळे झाला ते कळत नाही. मुंबईत १९६६ साली स्थापन झालेल्या भारतीय पॅकेजिंग संस्थेत खोक्यांची शास्त्रीय चाचणी होऊ शकते. मोठ्या खरेदीपूर्वी ती जरूर करून घ्यावी.

छपाईबाबतही विचार आवश्यक आहे. चकचकीत प्लॅस्टिकचा थर दिलेले खोके आकर्षक दिसते व ओल रोखते, परंतु रद्दीत त्याचा पुनर्वापर अवघड होतो. डझनांची संख्या, प्रत व वर्ष खोक्यावरच छापल्यास हंगामाअखेर उरलेली खोकी पुढे उपयोगी पडत नाहीत, आणि जूनपासूनच्या पावसाळी हवेत ती नरमही पडतात. खोक्यावर केवळ बागेचे नाव छापून बाकी तपशील कागदी चिठ्ठीवर दिल्यास एकच खोके सर्व प्रतींना चालते व मागणीही दोन-तीन टप्प्यांत नोंदविता येते.