महदंबेचे धवळे : मंडळातल्यांनी मंडळासाठी जपलेली प्रेमकथा

एखाद्या प्रसिद्ध कथेवर जीव जडलेल्या वाचकाने वा प्रेक्षकाने त्याच कथेतील पात्रे हाताशी घ्यावीत, मूळ कर्त्याने थोडक्यात आटोपलेला प्रसंग मन भरेपर्यंत रंगवावा आणि तो आपल्यासारख्याच रसिकांना वाचायला द्यावा, या प्रकाराला आज 'फॅन फिक्शन' म्हणतात. इंटरनेटपूर्वी असे लेखन 'फॅनझिन' म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या हौशी पत्रिकांतून टपालाने फिरत असे. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांची 'स्पॉकानालिया' ही १९६७ मध्ये निघालेली पत्रिका त्यांपैकीच होती. या वर्तुळात लिहिणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी होती आणि प्रेमकथांना विशेष मागणी असे. अशाच ओढीने लिहिलेली एखादी अभिजात प्रेमकथा वाचावीशी वाटणाऱ्या मराठी रसिकाला मात्र सातशे वर्षे मागे जाऊन महदंबेचे 'धवळे' सुचवणे अधिक योग्य ठरेल.

'धवळा' म्हणजे लग्नात गायचे गीत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, महानुभाव या कृष्णभक्तीच्या पंथाचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या विवाहलीलेच्या निमित्ताने, पंथाची अनुयायी महदंबा हिने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गायिले, असे पंथाची परंपरा सांगते. त्यांचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे दोन भाग असून एकूण कडवी दीडशेच्या आसपास आहेत. मूळ कथा भागवताच्या दशम स्कंधात ५२ ते ५४ या तीन अध्यायांत येते : विदर्भराज भीष्मकाची कन्या कृष्णाला मनाने वरते, भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला देऊ पाहतो, ती एका ब्राह्मणाहाती निरोप धाडते आणि अंबिकेच्या दर्शनाहून परतताना कृष्ण तिला रथात घेऊन जातो. तेथे हरण आणि युद्ध सविस्तर येते, लग्न मात्र अध्यायाच्या शेवटी मोजक्या श्लोकांत उरकते. महदंबेचा जीव नेमका त्या उरकलेल्या लग्नात अडकलेला आहे. म्हणून तिच्या कडव्यांत पुराणातील द्वारकेपेक्षा महाराष्ट्रातल्या घरचे कार्य अधिक दिसते आणि राजकन्येची घालमेल शेजारच्या घरातील मुलीची वाटू लागते.

या रचनेला आणखी एक धार आहे. महदंबा अकाली वैधव्य आलेली स्त्री होती, आणि तत्कालीन रूढीप्रमाणे लग्नमंडपात विधवेला मानाचे स्थान नसे. जिला मंगलकार्यात पुढे येण्याची मुभा नव्हती तिनेच मराठीतील पहिले थोर मंगलगीत रचावे आणि तेही गुरूच्या समोर गावे, ही गोष्ट कोणत्याही काव्यगुणाइतकीच लक्षात घेण्याजोगी आहे. अर्थात भक्त आणि चाहता एक नव्हेत; चाहत्याला आपले दैवत कल्पित आहे हे ठाऊक असते, भक्ताच्या दृष्टीने ते सत्य असते. साम्य आहे ते लेखनाच्या ओढीत आणि प्रसाराच्या रीतीत.

ती रीत म्हणजे आपल्याच मंडळात हस्तलिखिते उतरवून जपणे. महानुभावांनी आपले ग्रंथ 'सकळ' यांसारख्या सांकेतिक लिप्यांत, म्हणजे अक्षरांची अदलाबदल करून बाहेरच्याला न कळणाऱ्या लेखनात, बंदिस्त ठेवले, त्यामुळे हे वाङ्मय कित्येक शतके सर्वसामान्य मराठी वाचकाच्या दृष्टीआड राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी लिपीचे कोडे उलगडल्यावर जे अभ्यासक या कामाला लागले त्यांत यवतमाळचे नाव ठळक आहे. तेथील यशवंत खुशाल देशपांडे यांनी 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ मध्ये सिद्ध केला, आणि यवतमाळचा शारदाश्रम हे अशा संशोधनाचे केंद्र बनले. पुढे वा. ना. देशपांडे यांनी 'आद्य मराठी कवयित्री' या नावाने धवळ्यांचे संपादन केले.

कृष्ण-रुक्मिणीच्या याच कथेवर नरेंद्र कवीचे 'रुक्मिणीस्वयंवर' आहे. राजा रामदेवराव यादवाने ते आपल्या नावावर मागितले, कवीने नकार दिला, पोथी राजाकडे राहिली आणि कवीने व त्याच्या भावांनी आठवेल तेवढे पुन्हा लिहून काढले, अशी आख्यायिका आहे. काव्य अलंकारांनी भरगच्च आणि देखणे आहे, परंतु त्यातला कवी आपले कौशल्य क्षणभरही विसरत नाही. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त विवाहाला जीव-शिवाच्या ऐक्याचा अर्थ दिलेला आहे आणि लग्न जुळावे म्हणून उपवर मुलींनी ते वाचण्याची प्रथा अनेक घरांत आजही आहे. प्रेमकथा प्रेमकथेसारखी वाचायची असेल तर आधी धवळे घ्यावेत, मग नरेंद्राकडे वळावे. यादवकालीन मराठी पहिल्या वाचनात अडते, म्हणून टीपा असलेली प्रत जवळ असावी आणि कडवी मोठ्याने म्हणावीत, कारण ती गाण्यासाठीच रचलेली आहेत.