बटाट्याचा कीस कुरकुरीत का होतो?

महाशिवरात्रीला ज्या तव्यावर बटाट्याचा कीस सोनेरी आणि खुसखुशीत उतरतो, त्याच तव्यावर आषाढी एकादशीला तो काळपट, गोडसर आणि मऊ का उतरावा? हात तोच, तवा तोच, कृतीही तीच. घरातील मंडळी अशा वेळी स्वयंपाक करणारीला दोष देऊन मोकळी होतात. वास्तविक हा दोष तिचा नव्हे. त्याचे मूळ बटाट्याच्या पेशींत आणि बटाटा मधले चार महिने जेथे पडून होता त्या शीतगृहात शोधावे लागते.

जबलपूर शहरातील चेरीताल ही वस्ती एका तळ्याच्या नावाने ओळखली जाते. गोंडवनाची राणी दुर्गावती हिच्या नावाचे राणीताल, तिच्या दासीचे चेरीताल आणि तिचा मंत्री आधार ह्याचे आधारताल, अशी ह्या तळ्यांची लोककथा आहे. नागपूर व जबलपूर ही दोन्ही शहरे 1956 सालापर्यंत एकाच प्रांतात होती. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि उच्च न्यायालयाचे ठिकाण नागपूरहून जबलपुरास आले. साहजिकच जबलपुरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. अशा घरातील माणूस बाजारात ‘आलू’ मागतो आणि पिशवी घरी आली की तिच्यातून ‘बटाटे’ निघतात. ह्यांपैकी दुसरा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. बटाटा, भुईमूग आणि मिरची ह्या तिन्हींची मायभूमी अमेरिका खंड होय. साबुदाणा ज्या कंदापासून आपल्याकडे करतात तो कंदही तिकडचाच. म्हणजे आपले उपवासाचे ताट, जे आपण अतिप्राचीन समजतो, ते सोळाव्या शतकापूर्वी ह्या देशात कोणी वाढूच शकले नसते.

किसलेला बटाटा तव्यावर परतण्याची कल्पना मात्र केवळ आपली नाही. स्वित्झर्लंडमध्ये त्याला रोश्टी म्हणतात. अमेरिकेत सकाळच्या न्याहारीला जे हॅश ब्राउन खातात, तेही जाड किसलेल्या बटाट्याचे, दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेले थर असतात. आपला कीस झाकण ठेवून वाफवतात, म्हणून तो मऊ राहतो. त्यांचा थर उघड्यावर भाजतात, म्हणून तो कडक होतो. तिकडे पुष्कळदा लोणी व क्वचित अंडेही वापरतात, आपल्याकडे तूप. इंग्लंडमध्ये 1944 साली ‘व्हीगन’ हा शब्द तयार झाला. दूध, तूप, मध इत्यादी प्राणिजन्य पदार्थही वर्ज्य मानणाऱ्यांचा तो आहार. अशा व्यक्तीसाठी तुपाऐवजी शेंगदाण्याचे तेल घेतले तर कुरकुरीतपणा कमी होईल काय? मुळीच नाही. येथे स्निग्ध पदार्थाचे मुख्य काम तव्याची उष्णता किसाच्या प्रत्येक धाग्यापर्यंत पोचविणे हे आहे, आणि ते काम तेल उत्तम करते. लोणी तर ह्या कामी तेलाहून कमी योग्य, कारण त्यात सुमारे सहाव्या हिश्श्याइतके पाणी असते आणि दुधाचे घन अंश लवकर करपतात.

कुरकुरीतपणाचा पहिला शत्रू पाणी हाच होय. बटाट्याच्या वजनापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक भाग पाण्याचा असतो. धाग्याच्या पृष्ठभागी जोवर पाणी आहे, तोवर तवा कितीही तापवा, त्या पृष्ठभागाचे तापमान पाण्याच्या उत्कलनांकापलीकडे जात नाही. जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी 100 अंशांच्या थोडे अलीकडेच उकळते. खरपूस रंग येण्याची क्रिया ह्या तापमानाला अतिशय मंद चालते. ती वेगाने होण्यास 140 अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते.

ह्या बाबतीत थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक ग्रॅम पाणी 30 अंशांपासून 100 अंशांपर्यंत तापविण्यास 70 कॅलरी उष्णता लागते. परंतु त्याच एका ग्रॅमची वाफ करण्यास आणखी सुमारे 540 कॅलरी लागतात. समजा, अर्धा किलो किसातून आपण 100 ग्रॅम पाणी हातांनी पिळून काढले. तर 61,000 कॅलरींची बचत झाली. एवढ्या उष्णतेत पाऊण लिटरहून अधिक थंड पाण्याला उकळी आणता येते! पिळण्याचे दोन मिनिटांचे श्रम किती इंधन वाचवितात, हे ह्यावरून ध्यानात येईल. न पिळलेला कीस तव्यावर पडला की प्रथम आपल्याच वाफेत शिजतो, आणि त्याचा रंग येण्याआधी लगदा होतो.

लगदा होण्यास दुसरे कारण पिष्ट. किसताना असंख्य पेशी फुटतात आणि त्यांतील पिष्टाचे कण बाहेर पडून धाग्यांना चिकटतात. सुमारे 60 ते 70 अंशांस हे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची खळ बनते. कपड्यांना घालतात तीच खळ. सुटे पिष्ट फार असेल तर सगळा थर एकमेकांस चिकटून गोळा होतो. म्हणून कीस थेट थंड पाण्यात पाडावा आणि दोन पाण्यांनी धुवावा. पाण्यात बुडाल्यामुळे त्याला हवेतील प्राणवायू मिळत नाही, आणि बटाट्यातील एंझाइमांमुळे येणारा काळेपणाही त्यामुळे लांबतो. मात्र सगळेच पिष्ट टाकून देणे हिताचे नाही. धुतलेले पाणी दहा मिनिटे स्थिर ठेवले असता तळाशी पांढरा शुभ्र साका बसतो. त्यातील एक-दोन चमचे पिळलेल्या किसास परत चोळले की अंड्यावाचून थर एकत्र राहतो. साका कमी पडल्यास शिंगाड्याचे पीठ चालते. जबलपूर जिल्ह्यातील तळ्यांत शिंगाडा पिकतोच, आणि तो उपवासालाही चालतो.

आता रंगाचा प्रश्न. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार ह्याने 1912 साली दाखविले, की विशिष्ट शर्करा आणि अमिनो आम्ले एकत्र तापविली असता तपकिरी रंगाची नवी द्रव्ये निर्माण होतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, कॉफीच्या बिया, ह्या सर्वांचा रंग व सुवास प्रामुख्याने ह्याच क्रियेचे फळ आहे. तिच्या गुंतागुंतीच्या पायऱ्यांची सुसंगत मांडणी जॉन हॉज ह्या अमेरिकन रसायनज्ञाने 1953 साली केली. बटाट्यात दोन्ही घटक असतात. तेव्हा रंग किती गडद येणार हे पुष्कळ अंशी त्यातील ग्लुकोज व फ्रुक्टोज ह्या शर्करांवर ठरते.

आषाढीच्या कोड्याची किल्ली येथेच आहे. उत्तर व मध्य भारतातील मैदानी भागांत बटाट्याचे मुख्य पीक साधारणपणे जानेवारी ते मार्च ह्या काळात निघते. महाशिवरात्रीला घरात येतो तो नवा बटाटा. उरलेला माल शीतगृहात जातो आणि तेथे तो मोड येऊ नये म्हणून पुष्कळदा 2 ते 4 अंशांत ठेवतात. बटाटा हा जिवंत कंद असल्यामुळे एवढ्या थंडीत तो आपल्या पिष्टाचे काही अंशी शर्करेत रूपांतर करतो. असा बटाटा उकडून खाल्ला तर किंचित गोड लागतो, इतकेच. पण तव्यावर त्याच्या शर्करेला रंग लवकर चढतो, आतले पाणी निघून जाण्यापूर्वीच बाहेरची बाजू काळवंडते, आणि घाबरून आच मंद केली की कीस मऊ राहतो. घरातील शीतकपाटही हेच करते. थंडीतून काढलेले बटाटे दोन-तीन आठवडे 15 ते 20 अंशांत, अंधारात ठेवले तर शर्करा बऱ्याच प्रमाणात कमी होते. तितकी सवड नसल्यास कीस कोमट पाण्यात वीस मिनिटे बुडवून ठेवावा. पृष्ठभागाजवळची पुष्कळ शर्करा पाण्यात उतरते.

ह्या गोष्टीला केवळ चवीचे महत्त्व आहे असे समजू नये. स्वीडनमधील संशोधकांनी 2002 साली जाहीर केले, की पिष्टमय पदार्थ तीव्र उष्णतेवर तळले वा भाजले असता त्यांत ॲक्रिलअमाइड हे द्रव्य तयार होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1994 सालीच त्याची गणना मनुष्यास कर्ककारक असण्याचा संभव असलेल्या द्रव्यांत केली होती. बटाट्यात विपुल असलेले ॲस्परजिन हे अमिनो आम्ल आणि शर्करा ह्यांच्यापासून ते बनते. उकडलेल्या बटाट्यात ते जवळजवळ नसते. म्हणून कीस सोनेरी झाला की उतरवावा. काळपट कडा ‘खमंग’ म्हणून मुलांच्या पानात वाढण्याची रीत सोडून दिलेलीच बरी. हिरवट पडलेला भागही काढून टाकावा, कारण त्यासोबत वाढणारे सोलॅनिन तापविण्याने फारसे नाहीसे होत नाही.

शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने तळण्यासाठी कमी शर्करेचे वाण निपजविले. त्यांपैकी ‘कुफरी चिपसोना’ मालिकेतील पहिले दोन 1998 साली प्रसृत झाले. बाजारात असा बटाटा मिळाला तर निम्मे काम झालेच.

प्रत्यक्ष कृती थोडक्यात अशी. अर्धा किलो बटाटे सोलून, जाड भोकांच्या किसणीने पाण्यात किसून, धुऊन, स्वच्छ पंचात घट्ट पिळावेत. बिडाचा तवा चांगला तापवून त्यावर दोन-तीन मोठे चमचे शेंगदाण्याचे तेल सोडावे व जिरे तडतडू द्यावे. मग साका चोळलेला कीस अर्ध्या सेंटिमीटर जाडीचा पसरून मध्यम आचेवर ठेवावा. झाकण घालू नये, आणि सहा-सात मिनिटे उलथने लावू नये. सतत हलविणाऱ्याला पापुद्रा कधीच मिळत नाही. खालची बाजू आपोआप सुटू लागली की थर उलटावा. मीठ अगदी शेवटी, कारण ते आधी घातले तर पेशींतील पाणी बाहेर ओढते. दाण्याचे कूट आणि मिरचीही उतरविताना घालावी. कूट लवकर करपते.

आषाढीपुरता दुसरा एक मार्ग आपल्या घरांत फार पूर्वीपासून आहे, तो म्हणजे वाळवणाचा कीस. फाल्गुन-चैत्रात नवे, कमी शर्करेचे बटाटे अर्धवट उकडून कडक उन्हात कापडावर किसतात. उकडल्यामुळे काळेपणा आणणारे एंझाइम निकामी होते आणि ऊन पाणी काढून घेते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावर शेतकरी रात्रीच्या हिमात बटाटा गोठवून, तो तुडवून, दिवसाच्या उन्हात वाळवितात. त्या ‘चुन्यो’चाच हा दूरचा भाऊबंद म्हणावा लागेल. असा कीस शीतगृहाच्या वाटेला जातच नाही. चार महिन्यांनी गरम तेलात पडताच उरलेल्या थोड्याशा पाण्याची एकदम वाफ होते आणि धागा काही क्षणांत फुलतो. डबा मात्र घट्ट झाकणाचा हवा. श्रावणातल्या दमट हवेत तो उघडा राहिला तर कीस पाणी शोषतो व तळल्यावर चिवट लागतो. अशा वेळी तळण्यापूर्वी तो कोरड्या, कोमट तव्यावर थोडा वेळ पसरून ठेवावा.