क्रमांक आणि नाव : ‘एक्लिप्स्ड’ नाटकातील स्त्रिया

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर लायबेरिया नावाचे एक लहानसे राष्ट्र आहे. अमेरिकेतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी एकोणिसाव्या शतकात तेथे वसाहत केली आणि १८४७ साली ते स्वतंत्र प्रजासत्ताक म्हणून घोषित झाले. स्वातंत्र्याच्या कल्पनेवरूनच ज्याचे नाव पडले, त्या देशावर १९८९ च्या अखेरीस यादवी कोसळली. मध्यंतरीची दोन-तीन वर्षे वगळता ती २००३ पर्यंत धुमसत राहिली आणि तीत सुमारे अडीच लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज केला जातो. या रणधुमाळीत स्त्रिया कशा जगल्या, हा ‘एक्लिप्स्ड’ या नाटकाचा विषय होय.

नाटककर्त्री दनाई गुरिरा यांचा जन्म अमेरिकेत झाला. त्यांचे बालपण मात्र झिंबाब्वेत गेले. लायबेरियातील सशस्त्र स्त्री-सैनिकांच्या वृत्तपत्रीय छायाचित्राने त्यांचे मन वेधले आणि २००७ साली त्या देशात जाऊन युद्धातून वाचलेल्या स्त्रियांच्या तोंडून त्यांनी हकीकती ऐकल्या. २००९ मध्ये वॉशिंग्टन येथे नाटकाचा पहिला प्रयोग झाला. २०१६ साली ते ब्रॉडवेवर आले, तेव्हा लेखिका, दिग्दर्शिका आणि पाचही नटी कृष्णवर्णीय स्त्रियाच असल्याचा योग त्या रंगभूमीवर प्रथमच जुळून आला.

नाटक घडते ते २००३ साली, बंडखोरांच्या एका छावणीत. तेथील सेनाधिकाऱ्याने पळवून आणलेल्या स्त्रियांना ‘पत्नी’ म्हणतात. परंतु त्यांना नावे नाहीत. क्रमांक एक, क्रमांक दोन, क्रमांक तीन अशी त्यांची ओळख. पडदा उघडतो तेव्हा एक पंधरा वर्षांची मुलगी या स्त्रियांनी टबाखाली दडवून ठेवलेली असते. ही लपवाछपवी फार काळ टिकत नाही. अधिकाऱ्याची दृष्टी तिच्यावर पडते आणि ती ‘क्रमांक चार’ होते.

प्रेक्षकाला प्रथम खटकते ती या स्त्रियांची आपापसांतील उतरंड. क्रमांक एक वडीलकीने हुकूम सोडते, तर गर्भवती असलेली क्रमांक तीन कुरकुरते, केसांच्या टोपासाठी हट्ट धरते आणि थट्टामस्करीही करते. बंदिवासात हा मानपान कशासाठी, असा प्रश्न पडतो. नाटकाचे उत्तर असे की, जिथे उद्याची शाश्वती नाही तिथे हा घरगुती क्रमच डोक्यावरचे छप्पर ठरतो. कामाची आणि अन्नाची वाटणी ठरलेली असली म्हणजे दिवस निभावतो. मात्र त्याची किंमत मोठी आहे. ज्या क्रमांकाने आसरा दिला, तोच हळूहळू नावाची जागा घेतो.

याहून निराळी वाट क्रमांक दोनने निवडलेली आहे. तिने बंदूक उचलली आहे. शस्त्र हाती असले की आपल्या अंगाला कोणी हात लावीत नाही, हे तिचे तत्त्वज्ञान. आणि ते खोटे म्हणता येत नाही. ती नव्या मुलीलाही सैनिक बनविते. परंतु आपली सुटका टिकविण्यासाठी पुरुषांच्या हाती दुसऱ्या मुली द्याव्या लागतात, हे त्या मुलीला कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. लेखिका येथे न्यायनिवाडा करीत नाही. क्रमांक एकची सोशिकता आणि क्रमांक दोनची बंदूक, दोहोंमागे जीव वाचविण्याचीच धडपड आहे, एवढेच ती दाखविते.

या रचनेतील सर्वांत परिणामकारक योजना म्हणजे तो अधिकारी रंगमंचावर कधीच येत नाही. स्त्रिया एकदम रांगेत उभ्या राहतात, अदृश्य इशाऱ्यानुसार एक जण निघून जाते आणि काही वेळाने परत येऊन निमूटपणे अंग पुसते. अत्याचार डोळ्यांसमोर घडत नाही, त्यामुळे प्रेक्षकाची दृष्टी अत्याचाऱ्यावर न खिळता या स्त्रियांवरच राहते.

नाटकात विनोदही आहे. मुलीला वाचता येते. हाती लागलेले अमेरिकेचे माजी अध्यक्ष क्लिंटन यांचे चरित्र ती मोठ्याने वाचून दाखविते, आणि त्यांच्या गाजलेल्या प्रकरणातील तरुणी या स्त्रियांच्या हिशेबी अध्यक्षांची ‘क्रमांक दोन’ ठरते! प्रेक्षक हसतो, पण हसता हसता त्याच्या ध्यानी येते की, जग मोजण्याचे दुसरे माप या स्त्रियांपाशी उरलेलेच नाही.

ते माप घेऊन येते रिटा. शांततेसाठी झटणाऱ्या स्त्रियांपैकी ती एक असून हरवलेल्या स्वतःच्या मुलीचाही शोध घेत आहे. ती भेटेल त्या स्त्रीला तिचे खरे नाव विचारते. क्रमांक एकच्या ओठांवर ‘हेलेना’ हे नाव किती तरी वर्षांनी येते.

रिटाला इतिहासाचा आधार आहे. लेमा बोवी यांच्या नेतृत्वाखाली २००३ साली मन्रोव्हियात ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रिया शुभ्र वस्त्रे लेवून उघड्यावर बसल्या आणि त्यांनी तहाची मागणी लावून धरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अध्यक्ष चार्ल्स टेलर पायउतार झाले आणि आक्रा येथे करार झाला. २००७ पासून काही वर्षे भारतीय महिला पोलिसांची तुकडीही संयुक्त राष्ट्रांच्या वतीने तेथे रक्षणास होती. स्त्रीच्या हातचे शस्त्र तेथील मुलींना असेही दिसले.

नाटक मात्र विजयाच्या घोषात संपत नाही. युद्ध थांबते, हेलेना निघते. आणि मुलगी एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात बंदूक घेऊन उभी राहते. तिचे पाऊल कोणीकडे पडणार, हे सांगितलेले नाही. नाटकाच्या शीर्षकाचा अर्थ ‘ग्रहण लागलेल्या’ असा होतो. तह झाला म्हणजे युद्ध संपते. परंतु माणसाला लागलेले ग्रहण सुटण्यासाठी कोणीतरी जवळ बसून त्याचे नाव विचारावे लागते, हेच या नाटकाचे सांगणे आहे.