काठावरच्या बघ्यांमधून निघालेली गाडी

1909 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रोआनोक नदीत एक छोटी होडी उलटली आणि दोन माणसं बुडून मेली. नऊ वर्षांचा ज्युलियन वाइज काठावरून ते पाहत होता. अशा वेळी काय करायचं, हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

अमेरिकेत आग विझवायला शेजारीपाजारी धावून जाण्याची रीत जुनी. बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात स्वयंसेवकांचं अग्निशमन पथक काढलं ते 1736 मध्ये. म्हणजे घर पेटलं तर माणसं होती. घरातला माणूस गुदमरला तर मात्र दैवावर हवाला. त्याला दवाखान्यात न्यायला बऱ्याच गावांत अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्याची शववाहिका येई. कारण साधं होतं: आडवा माणूस मावेल एवढी लांब गाडी गावात त्याच्याकडेच असे. त्या गाडीत डोळे उघडले तर रोग्याला काय वाटत असेल!

वाइज मोठे होऊन नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेत लागले. रोआनोक हे रेल्वेने घडवलेलं गाव. तिथल्या कारखान्यात वाफेची इंजिनं बनत. मे 1928 मध्ये वाइज यांनी रेल्वेतले सहकारी जमवून ‘रोआनोक लाइफ सेव्हिंग अँड फर्स्ट एड क्रू’ उभा केला. देशातलं पहिलं स्वतंत्र स्वयंसेवी बचाव पथक म्हणून त्याची नोंद आहे. पथक रेल्वेवाल्यांनी काढलं, यात मला नवल वाटत नाही. वेळेवर हजर होणं आणि ठरल्या क्रमाने काम करणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

तेव्हा बुडालेल्याला पालथं झोपवून, पाठीच्या खालच्या बाजूला ठरावीक लयीत दाब देण्याची शेफर पद्धत रूढ होती. तोंडाने श्वास देण्याची आजची पद्धत पीटर साफर आणि जेम्स इलम यांनी 1950 च्या दशकात सिद्ध केली. छाती दाबून हृदय चालवणं 1960 मध्ये आलं. शिकलेलं विसरून पुन्हा शिकायचं, हेच या कामातलं खरं कष्टाचं.

पोलिओच्या साथींत रोआनोकच्या पथकाने ‘आयर्न लंग’ हे श्वास चालवणारं यंत्र वापरलं. मानेपर्यंत रोग्याला पिंपात झोपवायचं, डोकं तेवढं बाहेर. पिंपातला हवेचा दाब कमी झाला की छाती फुगते, वाढला की बसते. हार्वर्डमध्ये ड्रिंकर आणि शॉ यांनी ते यंत्र 1928 मध्येच, पथकाच्या जन्मवर्षी, वापरात आणलं होतं.

रोआनोकमध्ये वर्णभेद होता. 1941 मध्ये अलेक्झांडर टेरेल यांच्या पुढाकाराने तिथल्या कृष्णवर्णीयांनी ‘हंटन लाइफ सेव्हिंग अँड फर्स्ट एड क्रू’ हे आपलं पथक उभं केलं. नदी एक, पथकं दोन.

देशभर मात्र शववाहिका चालूच राहिल्या. 1966 मध्ये अपघाती मृत्यूंवर राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा अहवाल आला, तेव्हाही जवळजवळ निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीवाल्यांच्याच हाती होती. त्या अहवालानंतर प्रशिक्षणाचे दंडक ठरले, हळूहळू पगारी माणसं आली. आज रोआनोक शहराच्या अग्निशमन खात्याचं नावच ‘फायर-ईएमएस’ आहे. बंब आणि रुग्णवाहिका एकाच खात्याच्या ताब्यात.